ओल आणि पाषाण



विहीर खणताना तुम्ही पाहिलेच असेल. वर काळी माती लागते. तिच्याखाली मुरूम. तो कुदळीने निघतो. आणखी खाली गेले की कुदळ ठणकन वाजते. काळा पाषाण लागला! मग सुरुंगाशिवाय काम हलत नाही.

हा मुरूम म्हणजे एके काळचा पाषाणच, असे आम्ही म्हटले तर पटेल का? पण तसेच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला. थरावर थर पसरला आणि थिजला. तोच आपला काळा पाषाण. सह्याद्री त्याचाच. त्याचा मुरूम झाला तो मुख्यतः पाण्याने.

"पाणी दगडाला कसं खाईल हो?" असे एका आजोबांनी आम्हाला विचारले होते. प्रश्न रास्त आहे. वरून पाणी ओतले तर दगड नुसता धुतला जातो. पण रस थिजताना आकसला, तेव्हा त्याला चिरा पडल्या. पाणी त्या चिरांत शिरते आणि मुक्काम करते. हवेतून आणि कुजलेल्या पाल्यातून येताना ते कर्बवायू घेऊन येते. त्याने ते किंचित आंबट होते. जिभेला कळणार नाही इतके थोडे. पण त्याला घाई कुठे आहे?

पाषाणात लोखंड असते. ओलीने विळ्याला गंज चढतो, तसा त्यालाही चढतो. म्हणून मुरूम तांबूस-पिवळा दिसतो. दगडातले दुसरे कण ओलीने बदलतात, त्यांची चिकणमाती होते. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात ना, तेच हे. फुगून आकसून चिरा रुंदावतात, आणि आणखी पाणी आत जाते. मुरमाच्या खाणीत कधी गोल गोटे पाहा. कांद्यासारखे पापुद्रे निघतात. कोपऱ्यांना ओल दोन-तीन बाजूंनी लागते, म्हणून कोपरे आधी झिजतात आणि दगड गोल होतो.

सपाट रानात हे आपल्या फायद्याचेच. अशानेच तर जमीन तयार झाली. डोंगराच्या उतारावर मात गोष्ट वेगळी. तिथे मुरूम आणि माती पाणी पितात, खालचा कठीण खडक फारसे पीत नाही. मोठ्या पावसात पाणी दोघांच्या मध्ये साचते. वरचा थर जड होतो, त्याची पकड सुटते.

पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी पहाटे असाच डोंगर आला. एस.टी.चा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर नव्हते. सुमारे १५० माणसे गेली. २०२३ च्या जुलैत रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, ती रात्री.

डोंगर पुष्कळदा आधी खूण देतो. उतारावर नवी भेग पडते. झाड किंवा विजेचा खांब कलतो. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. घराची दारे उगाच अडकू लागतात. पावसात असे दिसले, तर रात्र असली तरी निघावे. भांडीकुंडी राहू द्यावीत, जनावरांची दावी सोडावीत, शेजाऱ्याला हाक द्यावी. ओढ्याच्या कडेने खाली उतरू नये, कारण दरडीचा चिखल त्याच वाटेने येतो. उताराला आडवे चालत बाजूला व्हावे, आणि पोलीस पाटलाला कळवावे.