दिव्यांगांचे जहाज : हौसेची बांधणी आणि समुद्रयोग्यतेची कसोटी



गोंदिया शहराला लागून वसलेल्या मुर्रीचा आणि समुद्राचा काय संबंध, असा प्रश्न आजचा विषय ऐकून अनेकांच्या मनात आला असेल. येथून मुंबईचा किनारा रेल्वेमार्गाने सुमारे १,००० किलोमीटर दूर. तथापि गोंदिया हा तलावांचा आणि नद्यांचा जिल्हा आहे. वैनगंगा त्याच्या सीमेवरून वाहते; बाघ तिला जाऊन मिळते. मासेमारीसाठी आणि शिंगाडे काढण्यासाठी येथे डोंगा पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा याच भागातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी ज्याला चालता येत नाही, ऐकू येत नाही किंवा दिसत नाही, त्याला कोणत्या नावेत, कसे आणि कोणाच्या भरवशावर बसवावयाचे, हा प्रश्न मुर्रीचाही आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका शिडाच्या जहाजाची हकीकत उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये १९७८ साली ज्युबिली सेलिंग ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. दिव्यांग आणि धडधाकट व्यक्तींनी एकाच जहाजावर बरोबरीच्या नात्याने खलाशाचे काम करावे, हा तिचा उद्देश होता. तिचे पहिले जहाज ‘लॉर्ड नेल्सन’ १९८६ साली सफरीवर निघाले. त्यानंतर संस्थेने एक धाडस केले. दुसरे जहाज लाकडी असावे आणि त्याच्या बांधणीतही दिव्यांगांचा हात लागावा, असे तिने ठरविले. साउदॅम्प्टन येथे शेकडो हौशी स्वयंसेवक येऊन राहत आणि लाकूडकाम करीत. त्यांत दिव्यांग होते, तसेच ज्यांनी पूर्वी कधी रंधा हाती धरला नव्हता असेही लोक होते. २००० साली हे जहाज पाण्यात उतरले. ‘टेनेशस’, म्हणजे चिवट, असे त्याचे नाव ठेवण्यात आले. पुढील तिरप्या काठीसह त्याची लांबी सुमारे ६५ मीटर आहे. कायम खलाशांखेरीज त्यावर ४० जण सफरीला जात आणि त्यांपैकी निम्मे दिव्यांग असू शकत.

नवशिक्या हातांनी बांधलेल्या जहाजावर, तेही दिव्यांगांना घेऊन, खुल्या समुद्रात जाणे कितपत योग्य, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर बांधणीच्या पद्धतीत सापडते. हात हौशी होते, पण आराखडा नामांकित नौकारचनाकाराचा होता आणि देखरेख मुरलेल्या कारागिरांची होती. सायबेरियातील लार्च वृक्षाच्या लाकडाचे थर इपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेने एकमेकांना चिकटवून जहाजाचा सांगाडा आणि कवच तयार करण्यात आले. या पद्धतीत लाकडातील ओलावा, राळेचे प्रमाण किंवा हवेचे तापमान बिघडले, तर सांधा वरून सुबक दिसतो आणि आतून कच्चा राहतो. म्हणूनच अशा कामात कारागिराची नजर प्रत्येक थरावर असावी लागते. हौशी माणसाने फळी बसवावी. परंतु ती पक्की बसली की नाही, हे त्याने स्वतःच ठरवू नये. समुद्रयोग्यतेचे पहिले सूत्र हेच होय.

या सूत्राचे एक उदाहरण आपल्या देशातही अलीकडेच घडले. त्याचा उगम महाराष्ट्राच्या भूमीवर, अजिंठ्याच्या लेण्यात आहे. तेथील एका भित्तिचित्रात प्राचीन जहाज रेखाटलेले आहे. त्या चित्राच्या आधारे भारतीय नौदल, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातील एक नौकाबांधणी संस्था यांनी २०२३ मध्ये काम हाती घेतले. केरळमधील कुशल कारागिरांनी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून आणि सांध्यांत नैसर्गिक राळ भरून जहाज सिद्ध केले. ‘कौंडिण्य’ हे नाव धारण करून २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले. हे जहाज दिव्यांगांसाठी नव्हते आणि हौशी हातांचेही नव्हते. त्याच्या कारागिरांपाशी पिढीजात विद्या होती. तरीसुद्धा चित्रावरून उतरविलेला आकार लाटांवर कसा वागेल, हे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने तपासून पाहण्यात आले. जेथे परंपरागत विद्येलाही परीक्षा द्यावी लागली, तेथे हौसेला सूट कशी मिळावी?

ही परीक्षा नेमकी कशाची असते? जहाजात पाणी शिरू नये, हा तिचा एक भाग झाला. कललेले जहाज पुन्हा सरळ व्हावे, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग होय. डोंग्यात बसलेला माणूस एकाएकी उभा राहिला की डोंगा डगमगतो, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. वजन वर चढले की नावेचा तोल कमी होतो आणि ते तळाशी राहिले की नाव स्थिर राहते. शिडाच्या जहाजावर वारा उंच डोलकाठीला सतत कलवीत असतो. म्हणून त्याच्या तळाशी नीरम, म्हणजे तोलासाठीचे भारी वजन, असावे लागते. नवे जहाज पाण्यात उतरल्यावर ठरावीक वजने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवितात, जहाज किती कलले ते लंबकाच्या साहाय्याने मोजतात आणि त्यावरून त्याची स्थिरता काढतात. बांधताना मनात धरलेले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतील अंतर येथे उघडे पडते. चाकांच्या खुर्च्या, त्यांच्यासाठी बसविलेले उद्वाहक आणि रुंद दरवाजे यांचेही वजन असते. ते जहाजात किती उंचीवर आहे, याचा हिशेब आधीच करावा लागतो.

माणसांचे वजन तर जागा बदलणारे वजन आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक प्रवासी प्राणास मुकले. ती लाकडी नव्हती, हौशी हातांची नव्हती, यंत्रावर चालणारी होती. लाट आल्यावर घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि कललेली बोट अधिकच कलली, असे त्या दुर्घटनेचे वृत्तान्त सांगतात. नाव कितीही पक्की असो, तीत किती माणसे बसली आहेत आणि संकटकाळी ती कशी वागतील, हा समुद्रयोग्यतेचाच भाग होय.

दिव्यांग प्रवाशांच्या बाबतीत या सूत्राला विशेष अर्थ प्राप्त होतो. इशाऱ्याची घंटा वाजली, पण कर्णबधिराला ती ऐकू आली नाही, तर त्याच्यापुरती ती वाजलीच नाही. जहाज कलले की मोकळी चाकांची खुर्ची स्वतःच धोक्याची वस्तू होते. वीज गेली की उद्वाहक थांबतो. या अडचणी ओळखून ‘टेनेशस’वर योजना करण्यात आल्या होत्या : कर्णबधिरांसाठी उशीखाली थरथरणारी इशारापट्टी, दृष्टिहीनांसाठी बोलणारे होकायंत्र, खुर्च्या जागीच पक्क्या बांधण्याची सोय, रुंद आणि सपाट डेक. सर्वांत मोलाची योजना मात्र यंत्राची नव्हती. प्रत्येक दिव्यांग खलाशाला एक धडधाकट जोडीदार नेमून दिलेला असे. संकटाच्या क्षणी कोणी कोणाकडे धावावयाचे, हे शांत पाण्यातच ठरलेले असे. दृष्टिहीन मनुष्य बोलणाऱ्या होकायंत्राच्या आधारे सुकाणू धरीत असे आणि बाकीचे त्याच्या हाती आपला जीव निर्धास्तपणे सोपवीत. तो तेथे दयेचा विषय नव्हता; जहाजाचा खलाशी होता.

या जहाजाने दोन दशकांहून अधिक काळ समुद्र ओलांडले. २०२३ च्या अखेरीस मात्र पैशाअभावी संस्थेचे कामच थांबले. लाटांनी न हरविलेले जहाज जमाखर्चाने बंदरात बांधून ठेवले. लाकडी जहाजाला दरवर्षी देखभाल लागते. ते बांधण्यासाठी उत्साह पुरतो. राखण्यासाठी कायमचा निधी लागतो. बांधणीच्या दिवशी हा विचार झाला नाही, तर मिळालेले प्रमाणपत्र फार काळ उपयोगी पडत नाही.

आता पुन्हा वैनगंगेकडे वळू. याच नदीच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यात, जानेवारी २०२४ मध्ये मिरची तोडणीला निघालेल्या स्त्रियांची नाव उलटून बळी गेले. नदीलाही समुद्राइतकीच शिस्त लागते, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे. अंतर्देशीय जलयाने अधिनियम, २०२१ ने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. यंत्राविना चालणाऱ्या नावांची नोंद आणि सुरक्षितता यांचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याची तरतूद त्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांगांना इतरांप्रमाणेच संरक्षण मिळण्याचा हक्क दिला आहे. हे दोन्ही कायदे एकत्र वाचले, म्हणजे गावाचे कर्तव्य स्पष्ट होते.

पावसाळ्यापूर्वी गावातील प्रत्येक नाव पाण्याबाहेर काढून जाणत्या माणसाने तपासावी. तीत किती माणसे बसावीत, तो आकडा ठळक अक्षरांत नावेवर लिहावा. माणसे तितकीच बसवावीत आणि जीवरक्षक जाकिटेही तितकीच असावीत. गावातील दिव्यांग व्यक्तींची यादी करून प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्यावा. वर्षातून एकदा उथळ, शांत पाण्यात त्यांना प्रत्यक्ष नावेत बसवून आणि उतरवून पाहावे. कोठे धरावे, कसे उचलावे, हे त्यांनाच विचारावे. कारण आपल्या शरीराची माहिती त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणालाही नसते.

या कामाला मोठा खर्च लागत नाही. तरुणांनी हौसेने पुढे यावे, नावा दुरुस्त कराव्यात, नव्या बांधाव्यात. त्यांच्या हौसेचे स्वागतच आहे. मात्र नाव पाण्यात लोटण्यापूर्वी ती दुसऱ्या, जाणत्या नजरेखालून गेली पाहिजे. ज्याला पोहून काठ गाठता येणार नाही, असा प्रवासी तीत निर्धास्तपणे बसू शकेल, तेव्हाच ती नाव सर्वांसाठी सुरक्षित झाली असे समजावे.