डबा आपलाच



वर्धापनदिनी नेहमी कोणी शिकल्यासवरलेल्या बाई बोलतात. यंदा मला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली. तेव्हा व्याख्यान नव्हे, घडलेली गोष्ट सांगते.

आमच्या शेजारच्या वहिनी विधवा आहेत. त्यांचा अनुदानाचा अर्ज मीच भरून दिला. आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, फोन नंबर, सगळे जोडले. पुढे कचेरीच्या भिंतीवर यादी लागली. वहिनींचे नाव पाहून आम्ही आनंदाने साखर वाटली. नावापुढे खाते नंबर आणि फोन नंबरही छापले होते, त्याचे तेव्हा काही वाटले नाही.

आठवड्याने वहिनींना फोन आला. "कचेरीतून बोलतोय, तुमचा हप्ता अडकलाय." नाव बरोबर, खाते नंबर बरोबर. वहिनींनी विश्वासाने मोबाईलवर आलेला आकडा सांगितला आणि चार हजार रुपये गेले. तो मनुष्य यादी पाहूनच बोलला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण वहिनींनी विचारले, "बाई, माझा नंबर त्याला कोणी दिला हो?" मला उत्तर देववेना. अर्ज माझ्याच अक्षरातला होता.

आम्ही पाचजणी कचेरीत गेलो. साहेब भले, त्यांनी नंबरांवर काळी शाई फिरवून घेतली. पण पुढच्या यादीचे काय?

मग मुलीकडून कायदा वाचून घेतला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र देशाच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी सरकारला आपल्या ठरावीक संस्था या कायद्यातून वगळता येतात. शिवाय माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले एक कलम याच कायद्याने बदलले. लोकहित मोठे असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, हे त्या कलमातले शब्द गेले.

माझी भीती इथेच आहे. उद्या कचेरी म्हणेल, यादीच लावीत नाही! तसे नको. अनुदान कोणाला मिळाले हे गावाला कळलेच पाहिजे, नाहीतर गरजू बाई मागे राहते आणि वशिल्याची पुढे जाते. नाव दाखवा, नंबर झाका. एवढेच मागणे आहे.

आणि हे काही नवे नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याने आपण सांगितलेली माहिती दुसऱ्या कोणाला पाहायला मिळत नाही, दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. शिरगणतीला जे जमते ते अनुदानाला का जमू नये?

तोवर आपण इतके करू. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहू. चालेल तिथे शेवटचे ४ आकडेच दिसणारे आधार देऊ. फोनवर आलेला आकडा कोणालाही सांगायचा नाही, आणि फसगत झालीच तर लाजून न बसता लगेच १९३० ला फोन लावायचा. वहिनी दोन दिवस लाजून गप्प राहिल्या, तेवढ्यात पैसे हाती लागायचे राहिले.

भगिनींनो, आपण गिरणीत दळण ठेवतो म्हणून डबा गिरणीवाल्याचा होत नाही. कचेरीत दिलेली माहितीही तशीच आपली. नंबर झाकण्याचा अर्ज मी लिहून आणला आहे. पहिली सही वहिनींनी केली आहे. जाताना आपणही करावी, ही विनंती.