प्रशिक्षकाचा धाक हवा की मान?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



स्त्रियांच्या शिबिरात फुटबॉलवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतं आहे. मीसुद्धा समाजकार्याचं शिक्षण घेताना कौटुंबिक हिंसा, बचतगट, समुपदेशन शिकले, फुटबॉल शिकले नाही. वस्तीतल्या मुलींना आठवड्यातून तीन दिवस घराबाहेर काढायचं, एवढ्याच हेतूने आम्ही चेंडू आणला. मुली पळायला लागल्या, मग सामने खेळायला लागल्या, आणि मग हरायलाही लागल्या. माझा प्रश्न तिथून सुरू झाला.

एका स्पर्धेत आमच्या मुली शून्य विरुद्ध चार अशा हरल्या. समोरच्या संघाचे सर रेषेवर उभे राहून सतत ओरडत होते. मध्यंतरात एका मुलीच्या डोक्यात त्यांनी टपली मारलेली मी पाहिली. सामना संपल्यावर आमच्यातल्या एका मुलीची आई मला म्हणाली, "ताई, तुम्ही लई मऊ. त्या सरांचा धाक बघा, म्हणून त्यांच्या पोरी जिंकत्यात. पोरींना धाक पायजेच."

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मी काय केलं, तेही सांगते. मी ओरडायला लागले. उशिरा येणारीला मैदानाच्या चार फेऱ्या, चेंडू घालवणारीला सगळ्यांसमोर बोलणं. आणि खरं सांगते, पुढचे दोन सामने आम्ही जिंकलो. मुली वेळेवर येत, माझ्याकडे बघून गप्प होत. मला वाटलं, शिस्त आली. तिसऱ्या सामन्यानंतर कळलं की आमची एक मुलगी सुजलेल्या घोट्याने दोन आठवडे खेळत होती. तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, मला नाही. का सांगितलं नाहीस, विचारल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही संघातनं काढाल असं वाटलं."

ज्या शांततेला मी शिस्त समजत होते, ती भीती होती. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागले आहे. फुटबॉलचा प्रशिक्षक यशस्वी होतो तो कशाने? धाकाने की मानाने?

धाकाच्या बाजूने बोलणारे पहिलं नाव घेतात ते ॲलेक्स फर्ग्युसन यांचं. १९८६ ते २०१३ अशी सत्तावीस वर्षं ते मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचे व्यवस्थापक होते. तेरा वेळा त्यांनी लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. ते खेळाडूच्या तोंडासमोर येऊन असे ओरडत की त्याला 'हेअर ड्रायर' असं नावच पडलं होतं. २००३ मध्ये त्यांनी रागाने लाथाडलेला बूट डेव्हिड बेकहॅमच्या भुवईला लागला, ही गोष्ट जगभर गाजली. पण त्याच फर्ग्युसन यांच्याबद्दल असंही सांगतात की क्लबच्या स्वयंपाकघरात आणि धोबीखान्यात काम करणाऱ्यांनाही ते नावाने ओळखत. कोवळ्या वयाच्या मुलांना त्यांनी मोठ्या सामन्यांत उतरवलं आणि ती हरली तरी बाहेर त्यांची पाठराखण केली. नुसतं ओरडून ते यश मिळालं, असं म्हणणं म्हणजे भाजीतलं फक्त तिखट मोजण्यासारखं आहे.

आणि यात एक गोष्ट आपण बायकांनी विसरता कामा नये. बूट लागलेला बेकहॅम त्याच वर्षी स्पेनमधल्या रिअल माद्रिदकडे गेला. त्याच्याकडे पैसा होता, नाव होतं, दुसरं दार उघडं होतं. आमच्या वस्तीतल्या मुलीला कोणतं दार आहे? तिच्यासाठी मैदान म्हणजे प्रशिक्षक. बूट, गाडीभाडं, निवड, खेळाडू म्हणून मिळणारं प्रमाणपत्र, उद्याची नोकरी, सगळं एका माणसाच्या हातात. शिवाय घरी कळलं की "सर रागावले", तर बाप म्हणणार, उद्यापासून जायचं नाही. बलाढ्य माणसाला वाटणारा धाक आणि परतीची वाट नसलेल्या मुलीला वाटणारा धाक, यांना आपण एकच शब्द वापरतो. पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मुलींच्या फुटबॉलकडे येऊ. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला एक-शून्य असं हरवलं. आम्ही आमच्या मुलींना तो दाखवायला नेलं होतं. स्पेनच्या मुलींचा खेळ बघून आमच्या मुली हरखून गेल्या. मला नंतर कळलं, की त्याच देशाच्या मोठ्या संघातल्या पंधरा खेळाडूंनी महिनाभर आधी, सप्टेंबरमध्ये, आपल्या फुटबॉल महासंघाला ई-मेल लिहिले होते. संघातल्या परिस्थितीचा आमच्या मनःस्थितीवर आणि आरोग्यावर परिणाम होतो आहे, ती बदलेपर्यंत आम्हाला निवडू नका, असं त्यांनी कळवलं होतं. प्रशिक्षक होते होर्हे विल्दा. रात्री तपासणी होईपर्यंत खोल्यांची दारं उघडी ठेवावी लागत, अशा गोष्टी खेळाडूंच्या हवाल्याने वर्तमानपत्रांत आल्या. महासंघाने काय उत्तर दिलं? चूक कबूल करा, माफी मागा, मग परत या. हे उत्तर ओळखीचं वाटतं ना? माहेरी निघून आलेल्या कितीजणींना आपण हेच ऐकताना पाहिलं आहे!

त्या पंधराजणींपैकी तिघीच पुढच्या विश्वचषकाच्या संघात होत्या. आणि २० ऑगस्ट २०२३ रोजी सिडनीत स्पेनने इंग्लंडला एक-शून्य हरवून विश्वचषक जिंकला. विल्दाच प्रशिक्षक होते.

इथे आपण प्रामाणिक राहायला हवं. "अन्याय करणारा शेवटी हरतोच" असं आपल्या भाषणांत म्हणायला सोपं जातं. तसं नेहमी होत नाही. खेळाडू ज्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या, त्याच्या हाताखाली स्पेन जिंकला. मग त्या आईचं म्हणणं खरं ठरतं का?

मी म्हणते, नाही. कारण जरा मागे जाऊन बघा. विल्दांच्या आधी इग्नासिओ केरेदा हे प्रशिक्षक १९८८ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं होते. त्यांच्या अपमानास्पद वागण्याबद्दल खेळाडूंनी पुढे उघडपणे सांगितलं. २०१५ च्या विश्वचषकात स्पेन गटातच बाद झाला आणि सगळ्या खेळाडूंनी एकत्र पत्रक काढून प्रशिक्षक बदलण्याची मागणी केली. तेव्हा ते गेले. धाकाने जग जिंकता येत असतं, तर सत्तावीस वर्षं पुरेशी होती. मधल्या काळात बदललं ते दुसरंच. क्लबांनी मुलींवर पैसा लावला, बार्सिलोनाचा महिला संघ २०२१ आणि २०२३ मध्ये युरोपात अजिंक्य ठरला, खेळाडूंनी भांडून करार आणि सोयी मिळवल्या. सिडनीला जिंकल्या त्या या मुली. प्रशिक्षकाच्या धाकामुळे जिंकल्या, असं म्हणायला मला तरी आधार दिसत नाही.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पदकं देताना महासंघाच्या अध्यक्षांनी, लुईस रुबियालेस यांनी, हेनी एर्मोसो या खेळाडूचं संमतीशिवाय चुंबन घेतलं. साऱ्या जगाने ते पाहिलं. मग ऐंशीहून अधिक खेळाडूंनी सही करून सांगितलं, की हे नेतृत्व बदलेपर्यंत आम्ही देशासाठी खेळणार नाही. विल्दांना सप्टेंबर २०२३ मध्ये काढलं, अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक अत्याचाराबद्दल दोषी ठरवून दंड केला. प्रशिक्षक बदलल्यावर संघ कोसळला का? फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेनने फ्रान्सला हरवून नेशन्स लीग जिंकली.

आता धाकाचं दुसरं काम बघा. धाक बातमी अडवतो. माझ्या मैदानावर त्याने सुजलेल्या घोट्याची बातमी अडवली. अमेरिकेत त्याने त्याहून भयंकर गोष्टी अडवल्या. मॅना शिम या खेळाडूने २०१५ मध्येच आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध क्लबकडे तक्रार केली होती. क्लबने त्याच्याशी करार पुढे वाढवला नाही, पण तो दुसरीकडे प्रशिक्षक झाला आणि २०१८ व २०१९ मध्ये त्याच्या संघाने विजेतेपदं मिळवली. २०२१ मध्ये शिम आणि सिनेड फॅरेली वर्तमानपत्रातून नावानिशी बोलल्या, तेव्हा कुठे त्याला काढलं. आरोप त्याने नाकारले. पुढे लीगने त्याच्यावर कायमची बंदी घातली. त्याला काढल्यानंतरच्या सामन्यांत सहाव्या मिनिटाला दोन्ही संघांच्या मुली खेळ थांबवून मैदानाच्या मध्यभागी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. प्रतिस्पर्धी मुली, पण एका रांगेत!

२०२२ मध्ये सॅली येट्स या वकील बाईंनी या प्रकरणांची चौकशी करून अहवाल दिला. दोनशेहून जास्त जणांशी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बोलणं केलं. त्यांचा एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. या छळाची मुळं लहान मुलींच्या फुटबॉलमध्ये आहेत, असं त्या म्हणतात. अपमान करणं, ओरडणं हीच शिकवण्याची रीत, असं लहानपणापासून मनावर ठसतं; मग मोठेपणी मर्यादा कुठे ओलांडली गेली, तेच कळेनासं होतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? २०२२ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाचा साहाय्यक प्रशिक्षक युरोप दौऱ्यात गैरवर्तनाच्या आरोपावरून परत पाठवला गेला आणि बडतर्फ झाला. २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट यांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. ऑलिंपिक पदक आणलेल्या बाईला आपली तक्रार नोंदवण्यासाठी रस्त्यावर यावं लागतं, तर आमच्या वस्तीतली चौदा वर्षांची मुलगी कुठे जाणार?

मग मान म्हणजे काय? मान म्हणजे मऊपणा, ही त्या आईची समजूत होती आणि माझीही. सरिना वीगमन या डच बाईंकडे बघितलं की ती समजूत गळते. २०१७ मध्ये नेदरलँड्सला, २०२२ आणि २०२५ मध्ये इंग्लंडला त्यांनी युरोपचं अजिंक्यपद मिळवून दिलं. २०२२ च्या सहाही सामन्यांत त्यांनी सुरुवातीचे अकरा खेळाडू बदलले नाहीत. म्हणजे चांगल्या चांगल्या खेळाडू दर वेळी बाहेर बसल्या. जुन्या कर्णधाराला त्यांनी संघातच घेतलं नाही. हा मऊपणा नाही. पण प्रत्येकीला आपलं काम काय, हे स्पष्ट माहीत होतं. अंतिम सामन्यातले इंग्लंडचे दोन्ही गोल बदली खेळाडूंनी केले, एला टून आणि क्लोई केलीने. बाकावर बसलेली मुलगी रुसली नव्हती, घाबरलेली नव्हती, तयार होती.

त्याच संघातल्या मुलींनी उघड सांगितलं की पाळीच्या दिवसांत पांढरी चड्डी घालून खेळताना आमचं लक्ष विचलित होतं. २०२३ पासून इंग्लंडच्या मुली निळ्या चड्डीत खेळू लागल्या. गोष्ट छोटी वाटेल. पण आपल्या किती मुली आपल्या सरांना हे सांगू शकतील? ज्या संघात हे बोलता येतं, तिथे घोटा दुखतो हेही बोलता येतं, आणि "सरांनी मला हात लावला" हेही.

खेळाच्या बाजूनेही हेच बरोबर आहे. फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला मधेच खेळ थांबवून मुलींना बाजूला बोलावता येत नाही. चेंडू पायात आला की निर्णय त्या मुलीने एका क्षणात घ्यायचा असतो. घाबरलेली मुलगी तेव्हा गोलाकडे बघत नाही, रेषेवरच्या सरांकडे बघते. आणि चेंडू मागे ढकलते, म्हणजे चूक आपल्या नावावर नको. धाकाने पाय पळवता येतात, डोकं चालवता येत नाही.

शेवटी आपल्याबद्दल. आपल्या संघटनांतही ताईंचा धाक असतोच की! एखादी कार्यकर्ती "ताई, तुमचं चुकलं" असं बैठकीत म्हणू शकते का? नसेल, तर मैदानावरच्या सरांना आपण काय शिकवणार?

म्हणून काही गोष्टी ठरवून करू या. तक्रार ऐकणारी बाई प्रशिक्षकाहून वेगळी असावी आणि तिचं नाव मुलींना पाठ असावं. दौऱ्यावर किमान दोन मोठ्या बाया बरोबर असाव्यात. मारणं, अंगाला हात लावणं, शरीरावरून बोलणं चालणार नाही, हे लिहून मैदानावर लावावं. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षकांना आणि पालकांनाही समजावून सांगावा. आणि महिन्यातून एकदा मुलींनी प्रशिक्षकाबद्दल बोलावं, प्रशिक्षक समोर नसताना.

आमच्याकडे ही बैठक पहिल्यांदा झाली, तेव्हा मुलींनी माझ्याबद्दल सात तक्रारी सांगितल्या. ऐकायला जड गेलं. पण पुढच्या सरावाला त्याच घोट्यावाल्या मुलीने सगळ्यांदेखत हात वर केला, "ताई, आज माझं पोट दुखतंय, मी बसते." ती रेषेवर बसली आणि तिथून बाकीच्यांना सूचना द्यायला लागली. अजून आम्ही पुष्कळ सामने हरतो. त्या आईला मी अजून पूर्ण पटवू शकलेले नाही. पण ती आता दर सामन्याला येते, आणि परवा रेषेवरून ओरडणाऱ्या एका सरांना तीच म्हणाली, "अहो, पोरींना जरा खेळू द्या की!"