आधी गुरुजींनी लिहिले



निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या सर्वांचे मनापासून अभिनंदन! सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या मांडवात आज एका नव्या शिक्षकाची आठवण काढायला हवी.

१९२४ साली पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या शाळेत रुजू झाले. वय अवघे चोवीस. कोकणातल्या पालगडचा हा तरुण अहिराणी बोलणाऱ्या खानदेशात शिकवू लागला. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तिथे ते खोल्या झाडत, मुलांचे कपडे धुवत, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्या आणखी एका कामाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. नाव ‘छात्रालय’. दिवसभर शिकवायचे आणि त्यातून वेळ काढून मुलांसाठी लिहायचे, असा तो क्रम होता. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले.

शिक्षकांचे अक्षर मुलांना एरवी कुठे दिसते? वहीच्या समासात, लाल शाईत. अमळनेरच्या मुलांना ते पानभर दिसत होते. आपले गुरुजी स्वतः लिहितात, हे ती मुले रोज पाहत होती.

लिहिता हात पुढे स्वातंत्र्यलढ्यातल्या तुरुंगवासातही थांबला नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच ती आज वाचायला मिळतात. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली.

आज सोलापुरात वह्यांचा पहिला गठ्ठा हाती घेणाऱ्या नव्या शिक्षकापुढचा प्रश्न थोडा निराळा असतो. इथे अनेक मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी. मराठीत ती चादर, तो टॉवेल आणि ते सूत! तेलुगू-कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंच्या नावांत असा तिहेरी लिंगभेद नाही. त्यामुळे मागावर काम करणाऱ्याच्या मुलाने ‘तो चादर’ लिहिले, तर तो निष्काळजीपणा नसतो. घरची भाषा तिथे बोलत असते. हे ओळखणारा शिक्षक पानभर लाल रेघा ओढत नाही. एका वेळी एकच प्रकारची चूक घेतो, वाक्य मोठ्याने वाचून घेतो.

मग येतो मजकूर. इथल्या गड्ड्याच्या जत्रेवरच्या निबंधात ‘खूप मजा आली’ हे वाक्य ठरलेले. त्या मुलाला विचारावे, तू कुठे उभा होतास? मिरवणुकीतल्या सातांपैकी कोणता नंदीध्वज तुझ्यासमोरून गेला? बाराबंदी घातलेल्या मानकऱ्याचे हात कसे दिसत होते? उत्तरे भराभर येतात आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट निबंधात जायला हवी असते.

शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेच्या फलकावर दर सोमवारी एक हस्तलिखित पान लावावे. पहिल्या सोमवारचे पान शिक्षकांनी लिहावे, यंदाच्या जत्रेवर. दुसऱ्या सोमवारपासून ते पान मुलांकडे सोपवावे, आणि ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत त्यांची नावे यादीत सर्वांत आधी घालावीत.