शाळेतील बाग आणि पालकांचा आक्षेप
(गावच्या प्राथमिक शाळेत पालकांच्या सभेपुढे केलेले भाषण)



आमच्या शाळेत रोज सकाळी पाठ सुरू होण्यापूर्वी अर्धा तास मुले उघड्यावर असतात. पटांगण झाडणे, वाफ्यांना पाणी घालणे, तण काढणे, मग रांगेत उभे राहून कवाईत व प्रार्थना, असा हा क्रम आहे. यावर आपणांपैकी पुष्कळांचा आक्षेप असल्याचे आमच्या कानावर आले आहे. "खुरपेच धरायचे तर पोर घरी काय वाईट होते? आम्ही त्याला अक्षर शिकायला धाडले," असे आपण म्हणता. हा आक्षेप अडाणीपणाचा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्यांच्या वाडवडिलांच्या हाती पिढ्यानपिढ्या खुरपे आले आणि पाटी मात्र आली नाही, त्यांनी हा प्रश्न विचारू नये तर कोणी विचारावा? त्याचे उत्तर देणे हे आमचे कर्तव्यच आहे.

प्रथम जोतीराव फुल्यांची साक्ष काढू. ज्यांच्या घराण्याला फुलांच्या धंद्यावरून नाव पडले, त्या जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे लेखी निवेदन दिले. मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांबरोबर मुलांना शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यांनी त्यात सांगितले. शेतीच्या पाठांसाठी लहानसे नमुन्याचे शेत असावे, अशीही सूचना केली. आणि शिक्षक कसा असावा? तर प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही, असा. ध्यानात घ्या, जोतीरावांनी शेत मागितले ते अक्षराच्या जागी नव्हे, अक्षराच्या जोडीला. सारा मुद्दा या एका भेदात आहे.

आता वाफ्यात अक्षर कसे येते ते पाहा. वाफा १० फूट लांब व ४ फूट रुंद; एका चौरस फुटास भेंडीचे एक बी; तर बिया किती लागतील? हे गणित फळ्यावर घातले म्हणजे पोर डोके खाजवते. दोरी व काठी हाती देऊन वाफा आखायला लावला, की तेच पोर ४० चौकटी स्वतः मोजून दाखवते. मृगाच्या पावसावर टोकलेली भेंडी दीड-दोन महिन्यांत तोडणीस येते, मेथी महिन्याभरात. टोकल्याची व तोडणीची तारीख मुले वहीत लिहितात आणि मधले दिवस मोजतात. पावसाळ्यात सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवून सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजतात. तोंड व बूड सारखे असले म्हणजे डबा अरुंद असो की रुंद, पाण्याची उंची तीच भरते, हे त्यांना दोन डबे शेजारी ठेवून ताडून पाहता येते.

कोणी म्हणेल, हे शेतावर का होत नाही? तेथे पिकावर घराचे पोट आहे. एका ओळीला खत घालून दुसरीला न घालता काय होते ते पाहावे, इतकी चैन कुणब्याला परवडत नाही. शाळेचा वाफा बुडाला तर कोणाची चूल विझत नाही; म्हणून तेथे "असे का?" हे विचारायला मुलाला सवड मिळते. घरचे खुरपे व शाळेचे खुरपे यांत फरक आहे तो एवढाच.

परंतु आपल्या आक्षेपातील खरा काटा निराळा आहे. झाडू कोणाच्या हाती? ठराविक घरच्या मुलांनी झाडावे, मुलींनी सारवावे, आणि बाकीच्यांनी तोवर पुस्तक उघडावे, ही चाल आपल्या लोकांनी भोगली आहे. असे जेथे होईल तेथील बाग ही बाग नव्हे, ती वेठच होय! म्हणून आमचे नेम ऐका. पाळी हजेरीच्या अनुक्रमाने लागते. जात, घर, मुलगा-मुलगी पाहून नव्हे. झाडू प्रथम शिक्षक हाती घेतो. घंटा झाली की खुरपे खाली. पाठाचा एक क्षणही बागेला मिळत नाही. भाजी निघेल ती सर्वांच्या पोषण आहाराच्या भांड्यात पडते, कोणा मास्तराच्या पिशवीत नव्हे. यांतला एक जरी नेम मोडलेला दिसला, तर आपण शाळेत येऊन आम्हांस जाब विचारावा. तो आपला हक्क आहे.

शेवटी एक मागणे. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची बाग वाळते. म्हणून उन्हाळ्यासाठी शेवगा व कढीपत्ता अशी झाडेच राखावी, असा आमचा विचार आहे. कुंभारदादांनी बिनझिलईची मडकी द्यावीत. ती रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरली म्हणजे पाणी हळूहळू पाझरते व थोड्यात भागते. लोहारदादांनी खुरप्यांना धार लावावी, सुतारदादांनी कुंपणास हात लावावा, आणि हे करताना ते का व कसे, हे मुलांना समजावून सांगावे. आपली विद्या शाळेच्या दारात आजवर उभी राहिली. तिने आता आत यावे, आणि पोरांनी ती वहीत उतरून घ्यावी.