हायब्रीड

पंधराएक वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. माझं नाव पुकारताना निवेदक म्हणाले, "घरी दखनी, कविता मराठी, आता ऐकू या आपले हायब्रीड कवी!" मंडप हसला. मीही हसलो. कविता मात्र त्या दिवशी नीट वाचता आली नाही.

या शब्दाशी माझी ओळख जुनी. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि काही वर्षांत आमच्या मराठवाड्यातल्या शिवारात 'हायब्रीड' रुजलं. ताटं बुटकी, कणीस भरगच्च. पण लवकर पिकायची, ऐन पावसात सापडायची. दाणा काळा पडायचा आणि भाकरीला चव नसायची. पोट भरलं तिनंच, तरी नावं तिलाच ठेवली. आम्हा पोरांनाही म्हातारी माणसं सरसकट 'हायब्रीडची पिढी' म्हणत.

एका वर्षी अब्बांनी पैसे वाचवायला घरचीच हायब्रीड राखून पेरली. वावरात एक ताट कमरेएवढं, शेजारचं डोक्याच्या वर. एक कणीस पिकलेलं, दुसरं अजून निसवतंय. दुकानदारानं फसवलं असं ते बरेच दिवस धरून होते. दुकानदार बिचारा निर्दोष होता. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातली पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी निघते. तिचंच बी पेरलं की आईबापांचे गुण पुन्हा वेगवेगळे वाटले जातात. मेंडेलनं मठाच्या बागेत वाटाण्यावर हेच मोजलं होतं. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधाच्या नावातसुद्धा वनस्पतींचे संकर आहेत. ज्वारीच्या एकाच कणसात नर-मादी दोन्ही भाग असतात, म्हणून संकरासाठी आईचा वाण 'नरवंध्य', म्हणजे कामाचा पराग न देणारा लागतो. शेजारी बापाच्या ओळी पेरायच्या. पुढचं काम वाऱ्याचं. हे अब्बांना कुणी सांगितलं असतं, तर एक हंगाम वाचला असता.

संमेलनानंतर मी या शब्दाच्या मागेच लागलो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचं पिल्लू. पुढे रोमन आणि परक्याच्या मुलालाही तोच शब्द लावू लागले. आपला 'संकर'ही 'वर्णसंकर' म्हणून धाक घालत होता, शेतकी खात्यात तो फार नंतर आला. शिवी आधी, शास्त्र नंतर.

संकराची निंदा करणारे खेचर पुढे करतात. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. जोड्या लागत नाहीत, म्हणून त्याला सहसा पिल्लू होत नाही. खरं आहे. पण पोळीचा गहू? तीन रानगवतांचा वंश त्याच्यात आहे, गुणसूत्रांचे सहा संच आहेत, आणि हजारो वर्षं तो आपलं बी धरून आहे. पुरणपोळीला भेसळीची म्हणून नाकारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माणसांना तर हा शब्द लागूच होत नाही. हिंदू-मुसलमान, मराठी-दखनी हे जीवशास्त्रातले वाण नव्हेत. आपण एकाच प्रजातीचे. संकर शोधायचाच तर फार मागे जावं लागेल. स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की आफ्रिकेबाहेरच्या माणसांत निअँडरथलांचा थोडा अंश आहे. साधारण एक ते दोन टक्के. म्हणजे तो माझ्यात आहे, निवेदकांत आहे आणि हसणाऱ्या मंडपातही होता. बाकी ज्या कागदावरून ते माझं नाव वाचत होते, तो 'कागद' आणि त्यावरची 'शाई' हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. हे मला तेव्हा सुचलं नाही. उत्तरं मला नेहमी परतीच्या एसटीत सुचतात.

त्या फसलेल्या हंगामानंतर अब्बा खरिपाला दरवर्षी विकतचं हायब्रीड आणत आणि रब्बीला मालदांडी पेरत. मालदांडीचं बी अम्मी मडक्यात राखेत ठेवायची. खरिपाची ज्वारी बाजारात जायची, मालदांडीची भाकरी पाहुण्यांच्या ताटात. दोन्हींशिवाय आमचं घर चाललं नसतं.

आता कुणी मला हायब्रीड म्हटलं की मी विचारतो, "ज्वारीसारखा की गव्हासारखा?" मग गव्हाची गोष्ट सांगावी लागते आणि कवितेला वेळ कमी उरतो.