गिलान भिक्खू आणि आपला कार्यकर्ता

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला विहाराचा इतिहास सांगायची पद्धत आहे. पत्र्याची शेड, मग चार भिंती, मग स्लॅब, मग मूर्ती. तो इतिहास याच स्मरणिकेत दुसरीकडे आला आहे, आणि ज्यांनी विटा वाहिल्या त्यांच्या तो तोंडपाठ आहे. आम्हांला आज वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. ती काहींना कदाचित रुचणार नाही. विषय पत्रिकेवर "करुणा आणि सामाजिक कार्य" असा छापला आहे. आम्ही बोलणार आहोत पायाच्या दोन बोटांबद्दल.

आमच्यातलेच एक जुने कार्यकर्ते. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, आणि तुम्ही सगळे ओळखताच. ठाणे-बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम केले. कारखाना बंद पडला, तेव्हा रात्रीची वॉचमनची नोकरी धरली. रात्रभर जागायचे, सकाळी दोन-तीन तास पडायचे आणि दुपारपासून विहाराचे काम. जयंतीची वर्गणी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न्यायची पाण्याची व्यवस्था, वर्षावासातले ग्रंथवाचन, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला, कुणाच्या घरी मयत झाली तर तिथली सगळी धावपळ. "दादांना सांगा" म्हटले की काम झाले. आम्हांला त्याची इतकी सवय झाली होती की समितीच्या बैठकीत कामांची वाटणी करायचेसुद्धा आम्ही सोडून दिले होते.

दादांना साखरेचा आजार होता. घरच्यांशिवाय कुणाला माहीत नव्हते. एका जयंतीला मंडप घालताना त्यांच्या पायात खिळा गेला. हा आजार जुना झाला की पायाची जाणीव कमी होते. खिळा लागलेला समजत नाही, जखम झाली तरी दुखत नाही. त्यांनी फडके गुंडाळले आणि मिरवणुकीत शेवटपर्यंत चालले. महिन्याभराने इस्पितळात दोन बोटे काढावी लागली.

आम्ही समितीचे सहाजण भेटायला गेलो. फळांची पिशवी घेऊन गेलो होतो, त्यात आंबे होते! वहिनींनी पिशवी बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सगळे घरी यायचात. पावतीपुस्तक मागायला यायचात, चावी मागायला यायचात, माईक मागायला यायचात. पाय कसा आहे, असं एकानं तरी विचारलं का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

त्यानंतरच्या वर्षावासात विनयपिटकातल्या महावग्गातली एक कथा वाचनात आली. कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. बाबासाहेबांच्या "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथातही रोग्यांविषयी भगवंतांना वाटणाऱ्या कळकळीचे स्वतंत्र प्रकरण आहे. आम्हीही ती दहा वेळा ऐकली होती. पण त्या वर्षी ती वेगळी ऐकू आली.

एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तिथे आले. त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कुणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर त्याचे उत्तर असे की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझी काळजी घेत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. त्यानंतर संघाला बोलावून सांगितले की, तुमची काळजी घ्यायला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी.

नेतृत्व नेतृत्व म्हणून आपण जे म्हणतो, ते इथे बघा. एवढ्या मोठ्या संघाचा शास्ता, आणि पाणी स्वतः ओततो आहे. आपल्याकडे नेता म्हटले की बॅनरवरचा फोटो, फोटोच्या आकारावरून होणारी भांडणे आणि हार कुणाला आधी घालायचा हा वाद. हे आम्ही दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. याच विहारात झालेले वाद आम्हांला आठवतात, आणि त्यांत आमचाही आवाज मोठा होता.

पण त्या कथेच्या पुढे विनयात जे सांगितले आहे, ते सहसा कुणी वाचत नाही. गिलान म्हणजे आजारी. कोणत्या आजाऱ्याची सेवा करणे कठीण, ते भगवंतांनी तिथे सांगितले आहे. जो आपल्याला हितकर ते करीत नाही, हितकर गोष्टीतही प्रमाण ओळखत नाही, औषध घेत नाही, वेदना सोसत नाही. आणि शुश्रूषा करणारा हितचिंतक असूनही जो आपला आजार आहे तसा त्याला सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्या वस्तीतले निम्मे पुरुष आले. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून न घेणारे. तपासणीच्या आदल्या दिवशीच गोड बंद करणारे. छातीत दुखले तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिणारे. म्हणजे दोष आमचा होता तसा दादांचाही होता. त्यांनी सांगितले नाही. आणि आजार लपवण्याला आम्ही सगळे त्याग म्हणत आलो.

इथे बाबासाहेबांचे उदाहरण पुढे येते, हे आम्हांला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी कधी प्रकृती पाहिली का? मग आपण कोण? असे तरुण मुले म्हणतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की गोष्ट पुरती वाचा. बाबासाहेबांनाही साखरेचा आजार होता. पायांच्या वेदनांनी रात्र रात्र झोप येत नसे. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकरांकडे त्यांनी उपचार घेतले. त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. संविधानाचा मसुदा त्यांनी संविधान सभेत मांडला तो त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला. पुढे धम्मग्रंथ पूर्ण होत आला तेव्हा त्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या आजारपणाचा उल्लेख केला, आणि आपण लिहिण्याच्या स्थितीत आलो ते पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्यामुळे, असे कृतज्ञतेने नोंदवले. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघाला, तेव्हा ती प्रस्तावना त्याच्याबरोबर छापली गेली नाही.

माईसाहेबांशी आपला समाज पुढे कसा वागला, हे जुन्या लोकांना माहीत आहे. ज्या बाईने पथ्यपाणी केले, औषधे दिली, तिच्याकडेच वर्षानुवर्षे संशयाने पाहिले गेले. आमच्या घरांतही तसेच बोलले जाई. २००३ साली त्या गेल्या. सेवा करणारी व्यक्ती आपल्याला दिसत नाही, आणि दिसली तर तिच्यावर विश्वास बसत नाही, हा आपला जुना दोष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माता रमाईंचेही तसेच. बाबासाहेब परदेशात शिकत असताना त्यांनी गोवऱ्या थापून संसार केला, हे आपण दर ७ फेब्रुवारीला अभिमानाने सांगतो. चार मुले डोळ्यांदेखत गेली. दीर्घ आजारपणानंतर २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आपण त्यांच्या त्यागावर गाणी म्हणतो. पण आपल्या स्वतःच्या घरात ताट वाढून शेवटी उरेल ते खाणारी, अंगात रक्त कमी असलेली रमाई बसलेली असते, तिला दवाखान्यात कोण नेते?

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब हातात काठी घेऊन उभे होते. ६ डिसेंबरला ते गेले. मध्ये अवघे ५३ दिवस. त्या ५३ दिवसांतच ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेलाही जाऊन आले. त्यांना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर धम्माचे काम कुठे गेले असते, हा विचार प्रत्येक बौद्धाच्या मनात एकदा तरी येतोच. मग ज्यांना वाचवणे आपल्या हातात आहे त्यांच्याबाबत आपण इतके बेफिकीर का?

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग द्यायला सांगितले. "पे बॅक टू सोसायटी" हा शब्द आज प्रत्येक भाषणात असतो. शिकलेल्या लोकांबद्दलची निराशा बाबासाहेबांनी त्याच वर्षी १८ मार्चला आग्र्याच्या सभेत बोलून दाखवली होती, तीही आपण वारंवार सांगतो. पण देणे म्हणजे पावती फाडणे, एवढाच अर्थ आपण घेतला. आम्ही एकदा बसून हिशेब केला. चोवीस तासांचा विसावा भाग म्हणजे एक तास बारा मिनिटे. आपले दादा रोज पाच-सहा तास देत होते. म्हणजे चार-पाच घरांच्या वाट्याचा वेळ एकटा माणूस देत होता, तोही रात्रपाळी करून. आणि ती घरे सीवूड्सला, खारघरला फ्लॅट घेऊन गेली होती. बुद्धपौर्णिमेला गाडीतून येत होती, जाताना पाचशेची पावती फाडून जात होती. पैसा लागतोच, त्याला आम्ही नाव ठेवत नाही. पण इस्पितळात रात्री कुणाच्या उशाशी बसायला पावती जात नाही.

संयुत्त निकायात एक कथा आहे. बांबूवर कसरत करणारा एक डोंबारी आणि त्याचा शिष्य. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसे नको; तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल. भगवंतांनी शिष्याची बाजू उचलून धरली. पण तेवढ्यावर न थांबता ते म्हणाले की स्वतःला सांभाळताना दुसरा सांभाळला जातो, आणि क्षमेने, अहिंसेने, मैत्रीने, अनुकंपेने दुसऱ्याला सांभाळताना आपण स्वतः सांभाळले जातो. भगवंतांनी स्वतः काय केले? देह झिजवण्याचा मार्ग त्यांनी करून पाहिला आणि सोडला. सुजाताची खीर घेतली. (खिरीचे नाव काढले म्हणून सांगतो, बुद्धपौर्णिमेला साखरेच्या रोग्यांना आग्रहाने दुसरी वाटी वाढणे आता तरी बंद करा.)

त्या प्रसंगानंतर विहारात काय बदलले, ते थोडक्यात सांगतो. फार मोठे काही नाही. दर पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे आजाऱ्यांची चौकशी होते. आपल्या वस्तीतल्या दोन मुली नर्स आहेत, त्या महिन्यातून एकदा साखर आणि बीपी तपासतात. दाराजवळ एक वही ठेवली आहे. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल तर त्यात लिहायचे आणि डबा कोण देणार, रात्री कोण थांबणार ते खाली लिहायचे. समितीतले कुणीही एका पदावर दोन वर्षांपेक्षा जास्त राहत नाही.

हे सगळे सुरळीत चालले असे समजू नका. पहिल्या तीन महिन्यांत वही कोरीच राहिली. आपला आजार वहीत लिहायचा म्हणजे अब्रू गेली, असे लोकांना वाटे. शेवटी महिला मंडळाच्या एका आजींनी स्वतःच लिहिले, "गुडघे. दवाखान्यात सोबत पाहिजे. बुधवार." त्यानंतर इतरांनी लिहायला सुरुवात केली. पुरुषांच्या नोंदी अजूनही त्यांच्या बायकाच करतात. आणि दोन वर्षांच्या नियमामुळे एक चांगला खजिनदार आम्ही गमावला, हेही कबूल केले पाहिजे. नव्याला हिशेब शिकवताना जीव मेटाकुटीला आला.

वेळ फार घेतला. भोजनदानाची तयारी झाली आहे असे मागून खुणावत आहेत. दादा तिसऱ्या रांगेत बसले आहेत. वाढायला मी उभा राहणार, असा त्यांचा सकाळपासून हट्ट चालला आहे. वहिनींनी दाराजवळ, वहीशेजारी, त्यांच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. आज त्यांनी बसून पावत्या फाडायच्या आहेत, आणि वाढायला खारघरची मंडळी आहेत. आजच्या पानावर दोन नावांपुढची जागा अजून रिकामी आहे. एक डबा आहे मंगळवारचा, आणि एक रात्र आहे शनिवारची. जाताना पाहून जावे.

जयभीम. नमो बुद्धाय.